कॅमेरा घेण्यापूर्वी

(माहितीपट आणि लघुपट करू इच्छिणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या कार्यशाळेतील भाषणाचा संपादित भाग)



मी चित्रीकरण आणि संकलन अशी दोन्ही कामे करते. अशा कार्यशाळेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'आपा, कोणता कॅमेरा घेऊ?' मी उलट विचारते, 'कुणाचं चित्रीकरण करणार आहेस?' पुष्कळदा याचे उत्तर तयार नसते. आज मला एवढेच सांगायचे आहे, की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले की पहिल्याचे निम्मे काम होते.

आपल्या मोहल्ल्यांची दृश्ये टीव्हीवर कमी दिसत नाहीत. दंगल झाली, ईद आली, निवडणूक आली की कॅमेरे येतात. टोप्या, बुरखे, गर्दी टिपतात आणि जातात. त्या गर्दीतला माणूस मात्र बोलताना दिसत नाही. तीस वर्षे यंत्रमाग चालवलेला कामगार, पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी बाई, मदरशातून निघून अभियंता झालेला मुलगा, यांचे बोलणे कुणीतरी नीट नोंदवायला हवे. म्हातारी माणसे आज आहेत, उद्या नसतील. अन्याय सोसलेली बाई एकदाच धीर करून बोलते. त्या वेळी आवाज नीट आला नाही, तर तिला 'पुन्हा सांगा' म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही. म्हणून साधनांची निवड ही आपल्यासाठी हौसेची गोष्ट नाही.

पैसे नाहीत म्हणून सिनेमा होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मालेगावकडे पाहावे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात त्यांची कामाची पद्धत दिसते. ट्रॉली नाही, तर सायकल घेतली. क्रेन नाही, तर बैलगाडी वापरली. २०२४ मध्ये रीमा कागती यांनी याच मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट केला. आसामच्या रीमा दास यांनी गावातल्या मुलांना घेऊन 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन त्यांनी स्वतःच केले. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमेरिकेत शॉन बेकर यांचा 'टँजरिन' (२०१५) आयफोनवर चित्रित झाला. 'खबर लहरिया'च्या ग्रामीण महिला पत्रकार मोबाइल घेऊनच बातम्या करतात. या सगळ्यांना आपल्याला काय दाखवायचे आहे, हे आधी माहीत होते.

आता पैशांकडे वळू.

पहिला गट : हातात मोबाइल आणि दहा हजार रुपये. यातला एकही रुपया कॅमेऱ्यावर घालू नका. पहिली खरेदी कॉलर माईकची. तारेचा साधा माईक हजार रुपयांच्या आसपास मिळतो. प्रेक्षक थोडे धूसर चित्र सहन करतो, न कळणारे बोलणे करत नाही. दुसरी खरेदी ट्रायपॉड आणि मोबाइल धरायचा क्लॅम्प. तिसरी पॉवर बँक. उरलेले पैसे हार्ड डिस्कसाठी ठेवा. प्रकाशासाठी खिडकी आहे. बोलणाऱ्याला खिडकीकडे तोंड करून, जरा तिरके बसवा आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा. चित्रीकरणासाठी 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे ॲप आणि संकलनासाठी 'डाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते.

दुसरा गट : एक लाखाच्या आसपास. इथे मोह सुरू होतो. सगळे पैसे कॅमेऱ्यात जातात आणि माईकला काही उरत नाही. माझा हिशेब असा : कॅमेरा आणि लेन्स मिळून निम्म्यापेक्षा जास्त नको. वापरलेला मिररलेस कॅमेरा चालेल, पण घेण्यापूर्वी अर्धा तास सलग रेकॉर्ड करून तो तापून बंद पडतो का, ते पाहा. माईकची जागा आणि हेडफोनची जागा आहे ना, याची खात्री करा. उरलेल्या पैशांत वायरलेस माईक, बरा हेडफोन, एक एलईडी दिवा, दोन जादा बॅटऱ्या आणि दोन हार्ड डिस्क. हप्त्यावर कॅमेरा घेऊ नका. हप्ता फेडण्यासाठी लग्नाच्या ऑर्डरी घ्याव्या लागतात. त्या कामात कमीपणा काही नाही, पण तुमचा माहितीपट दोन वर्षे मागे पडतो.

तिसरा गट : पाच लाख किंवा जास्त, आणि डोक्यात कथापट. इथे विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. मुंबई-पुण्यात कॅमेरा, लेन्स, दिवे दिवसाच्या भाड्याने मिळतात. पटकथेवर काम करा, तालमी करा. दहा दिवसांचे चित्रीकरण सहा दिवसांत बसले, तर भाडे वाचते. ते पैसे ध्वनिमुद्रकाला आणि कलाकारांच्या जेवणाला द्या. कामगारांच्या हक्कांवर सिनेमा करायचा आणि आपल्याच दिवेवाल्याला उपाशी ठेवायचे, हे शोभत नाही.

पैशांइतकाच कामाचा प्रकारही महत्त्वाचा. मोर्चा किंवा सभा असेल, तर मोबाइल किंवा छोटा कॅमेरा बरा. मोठे सामान घेऊन पळता येत नाही. सभेत भाषणाचा आवाज कॅमेऱ्याच्या माईकवर घेऊ नका. साउंडवाल्याला आधी भेटून त्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरला लाइन मागून घ्या. यंत्रमागाच्या शेडमध्ये मुलाखत घ्यायची असेल, तर कोणताही माईक खटखटीपुढे हरतो. कामगाराला बाहेर, शांत जागी बोलते करा. मागांची दृश्ये आणि त्यांचा आवाज वेगळे घ्या आणि संकलनात जोडा. घरातल्या बाईची मुलाखत असेल, तर मोठा कॅमेरा, तीन दिवे आणि चार अनोळखी पुरुष पाहून ती गप्प होते. तिथे दोघीच जा, मोबाइल आणि एक माईक घेऊन. स्वस्त साधन इथे अधिक योग्य साधन ठरते.

आपल्या कामात वारंवार येणारी एक तांत्रिक अडचण सांगते. कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजर समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून चालते. चौकटीत काळा बुरखा जास्त असेल, तर कॅमेरा सगळे उजळ करतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. ईदच्या नमाजाला पांढरे कुर्ते भरलेले असतील, तर तो सगळे गडद करतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून ऑटो बंद करा आणि चेहऱ्यावरचा उजेड पाहून एक्स्पोजर लॉक करा. टीव्हीवरची आपली माणसे भेसूर दिसतात, त्यात हेतूबरोबर या दुर्लक्षाचाही वाटा असतो. याला खर्च शून्य आहे.

साठवणुकीचा हिशेब आधीच करा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने एका तासाचे चित्रीकरण ४५ जीबी होते. वीस तासांचे ९०० जीबी. त्याच्या दोन प्रती म्हणजे एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क. एक तुमच्या घरी, दुसरी दुसऱ्याच्या घरी ठेवा. एका कपाटातल्या दोन प्रती पुराच्या पाण्यात एकच असतात.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. ज्या बाईचे नाव उघड करायचे नाही, तिचा चेहरा नंतर संगणकावर धूसर करू, असे म्हणू नका. मूळ फाइलमध्ये तो चेहरा राहतो आणि हार्ड डिस्क कुणाच्याही हाती लागू शकते. चित्रीकरणाच्या वेळीच तिला उजेडाकडे पाठ करून बसवा किंवा फक्त हात दाखवा. मोबाइलमधली लोकेशनची नोंद बंद करा, कारण ती व्हिडिओच्या फाइलमध्ये जाते. आवाजावरूनही माणूस ओळखला जातो, हे तिला सांगा आणि मग संमती विचारा. लेखी घ्या, तिला समजेल त्या भाषेत घ्या. नको म्हणाली, तर कॅमेरा बंद करा.

पुढच्या बैठकीपर्यंत काहीही विकत घेऊ नका. हातातल्या मोबाइलने आपल्या मोहल्ल्यातल्या एका वयस्क माणसाचे तीन मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करून आणा. खिडकीजवळ बसवा, पंखा बंद करा आणि माईक नसेल तर मोबाइल अगदी जवळ ठेवा. आपण ते इथे एकत्र बसून ऐकू. काय कमी पडले, याची यादी त्यातूनच निघेल, आणि तीच तुमची खरेदीची यादी असेल.