तेंदूच्या रानांतील सदरा

फ्रान्समधील कामगारांचा निळा डगला आज मोठ्या शहरांतील शौकिनांच्या आदरास पात्र झाला आहे. घट्ट विणीचें जाड सुती कापड, अस्तर नाहीं, बाहेरून शिवलेले तीन खिसे. एवढाच त्याचा थाट. निळा रंग तेलाचे डाग लपवी आणि धुण्यानें विटत जाई. शौकीन किंमत देतात ती त्या विटण्यालाच. कोणाचें तरी कोपर वर्षानुवर्षें घासल्यावांचून ती छटा येत नाहीं, आणि दुकानांत तें घासणें आयतें मिळतें! न्यूयॉर्कचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम (१९२९–२०१६) यांनीं मात्र तो कामासाठींच वापरला. गळ्यांतील कॅमेऱ्यानें चांगले कोट फाटत, म्हणून ते पॅरिसहून हे स्वस्त डगले आणीत.

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत या डगल्याचा भाऊबंद शोधूं गेल्यास दृष्टि प्रथम वनरक्षकाच्या खाकीवर जाते. ‘खाक’ म्हणजे धूळ. नांव मोठें विनयाचें. परंतु ती खाकी कष्टाची असली तरी हुकमाचीहि आहे, आणि मोळी आणणारी बाई ती दिसतांच आडवाट धरीत असे. खरा भाऊबंद त्या बाईच्याच अंगावर आहे.

उन्हाळ्यांत, तेंदूपानांच्या हंगामांत, नवऱ्याचा अगर मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा लुगड्यावर चढवून स्त्रिया पहाटेच रानांत शिरतात. माप तिच्या अंगाचें नसतें. बाह्या दुमडाव्या लागतात. पण काट्यांचा ओरखडा, लाल मुंग्यांचा चावा आणि चढतें ऊन यांस तो अडवितो. तिच्या चोळीला खिसा नाहीं. येथें मात्र खर्र्याची पुडी सुखानें राहते. घरीं येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे आणि सायंकाळीं फळीवर न्यावयाचे. तोंवर पाठीवर घामाचें पांढरें मीठ उमटलेलें असतें.

वाघाला मात्र तो अडवीत नाहीं. १० मे २०२५ रोजीं सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या हल्ल्यांत मरण पावल्या. हंगाम थोड्या दिवसांचा आणि पैसा रोखीचा. रान टाळणें कितीजणींना परवडणार?

जुना फ्रेंच डगला विकत मिळतो, कारण तो कोणाच्या तरी पेटींत शिल्लक राहिलेला असतो. हा सदरा शिल्लक राहत नाहीं. विरला कीं त्याच्या बाह्या चुलीवरचें भांडें उतरविण्याच्या फडक्याला जातात, आणि उरलेलें धड धानाच्या बांधींत बुजगावण्याच्या अंगावर चढतें.