पाटीच्या आधी चिंचोके



अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि बालवाडीच्या ताईंची ही परिषद डहाणू तालुक्यातच भरावी, याला कारण आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच तालुक्यातल्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं. वस्तीवरची पोरं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, मग गाणी-गोष्टी. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी.

बालशिक्षणाच्या माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती. ताराबाईंनी त्यांतलं तत्त्व घेतलं आणि साधनं इथलीच वापरली: शिंपले, खडे, पानं, चिंचोके. पैसे वाचले, पण खरी गंमत वेगळीच. चार वर्षांची मुलगी चिंचोके निवडायला बसते. मोठे इकडे, लहान तिकडे. मध्येच एक फुटका हाती येतो. ती थांबते, ताईकडे बघते आणि त्याच्यासाठी तिसरा ढीग करते. वर्गीकरण ती आपलं आपण शिकली. ताईने फक्त तेवढा वेळ गप्प राहायचं होतं. तेच सर्वांत अवघड. (माइकसमोर उभ्या माणसाने यावर जास्त बोलू नये.)

वर्गाचंही तसंच. खेळणी मुलाच्या हाताला येतील अशा फळीवर हवीत, फळा भिंतीच्या तळाशी हवा. छताजवळ टांगलेली चित्रं पाहुण्यांसाठी असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि वारली पाड्यावरचं मूल घरची बोली घेऊन येतं. ती पहिल्याच दिवशी सुधारायला गेलात, तर ते तोंडच उघडणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, त्या टप्प्यासाठीच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळातून शिकण्यावर भर दिला. कागदावर सगळं छान. संध्याकाळी पालक मात्र विचारतात, "आज काय लिहिलं?" अहो, माती मळून, मणी ओवून आधी बोटं तर तयार होऊ द्या!

मंडळी, या सगळ्यासाठी सेविकेला वेळ हवा, म्हणून उद्याच्या ठरावांत एक ठराव जरूर घ्या: सेविकेच्या डोक्यावरची रजिस्टरं कमी करा आणि तो वेळ मुलांना द्या.