अभ्यास मुलांचा, परीक्षा आपली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन. वक्त्या आपल्याच 'बी' विंगमधील निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत.)



सेक्रेटरींनी मला विचारलं, "बाई, पालकांसाठी अर्धा तास बोलाल का?" मी चटकन हो म्हणून बसले. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, बोलायची सवय आहे. पण घरी कागद-पेन घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की समोर बसणाऱ्या निम्म्या लोकांनी मला माझ्या मुलावर ओरडताना ऐकलेलं आहे. आपल्या बिल्डिंगच्या भिंती तेव्हाही पातळ होत्या आणि आजही पातळच आहेत. (हशा) तेव्हा उपदेश करायला तोंड नाही. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासूनच करते. माझ्या मुलाची परवानगी घेतली आहे. आत्ता हा माईक ज्याने जोडून दिला आणि जो मागे दाराशी उभा आहे, तोच तो.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तो चार वर्षांचा होता. बोलण्यात इतका हुशार, की वॉचमनकाकांशी तासभर गप्पा मारायचा. बिघडलेलं रेडिओचं खोकं उघडून परत बंद करायचा. पण वाचायला बसवलं की अडखळायचा. चौथीत गेला तरी 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल, जोडाक्षरं गाळलेली, फळ्यावरचं उतरवून घेताना अर्ध्या ओळी गायब. तोंडी विचारलं तर सगळं येतंय, पेपर मात्र कोरा. मी स्वतः शिक्षिका! मला वाटलं, पोरगा आळशी आहे, लक्ष देत नाही. मग चुकलेला शब्द पन्नास वेळा लिही, पाढा आला नाही तर खेळ बंद, आणि, खोटं कशाला सांगू, पाठीत धपाटेही घातले.

तो सहावीत असताना 'तारे जमीन पर' सिनेमा आला. आम्ही तिघंही बघायला गेलो. मी अख्खा रुमाल भिजवला. आणि घरी आल्यावर त्याला म्हणाले, "चल, उद्याची डिक्टेशन आहे ना, वही काढ." बघा. पडद्यावरचं मूल मला कळलं, शेजारच्या खुर्चीतलं कळलं नाही.

नववीत त्याच्या शाळेत एक तरुण समुपदेशक आल्या. त्यांनी त्याचं लिखाण बघितलं, त्याच्याशी बोलल्या आणि मला बोलावून सांगितलं की याची तपासणी करून घ्या. तपासणीत निघालं, अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनातली डिस्लेक्सिया. बुद्धी चांगली, डोळे चांगले, कान चांगले; फक्त अक्षर आणि आवाज यांची सांगड त्याच्या मेंदूत आपल्यासारखी सहज बसत नाही. हा आजार नाही, त्यावर गोळी नाही. शिकवायची पद्धत बदलावी लागते.

त्या रात्री मी त्याची माफी मागितली. तो चिडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "आई, तू शाळेत बाकीच्या मुलांना 'बाळा' म्हणायचीस." मंडळी, त्या वाक्यानंतर मी माझी नोकरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली असं समजा. आज जे सांगणार आहे, ते बहुतेक त्या रात्रीनंतर शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट अभ्यासाची. अभ्यास घ्यायला आपल्याला सगळे विषय यायला पाहिजेत, असं नाही. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, आपल्याला सायन्समधलं काही कळत नाही, म्हणून लगेच क्लास लावायची घाई नको. मुलाला म्हणा, "पुस्तक मीट आणि मला मराठीत समजावून सांग." तोच धडा चार वेळा वाचला की तो ओळखीचा वाटतो, आणि मुलाला वाटतं आपल्याला येतंय. पुस्तक मिटल्यावर जे सांगता येतं तेवढंच खरं आलेलं असतं. आज सांगितलेलं परवा पुन्हा विचारा, आठवड्याने पुन्हा. परीक्षेच्या आदल्या रात्री चार तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त टिकतात.

लहान मुलांना रोज मोठ्याने वाचून दाखवा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मूल वाचायला शिकलं तरी वाचून दाखवणं बंद करू नका. आजोबांनी वाचावं, आत्याने वाचावं. शब्दाखाली बोट फिरवत वाचावं. आणि गणितासाठी घरात काय कमी आहे? वाण्याची यादी, कुकरच्या शिट्ट्या, पोळ्यांची मोजणी, वीजबिलातली युनिटं. सातवीतल्या मुलाला मागच्या महिन्याचं आणि या महिन्याचं बिल द्या आणि फरक का पडला ते शोधायला सांगा. पंखा कोण चालू ठेवतं तेही कळेल! (हशा)

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं तुम्ही ऐकली असतील. 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी काम केलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य. आपण मात्र अंगणातल्या मुलाला उचलून टेबलाला बांधतो.

दुसरी गोष्ट वागणुकीची. आपण चुकीवर लगेच बोलतो आणि चांगल्या गोष्टीवर गप्प बसतो. मुलाला मग कळतं, की आईचं लक्ष हवं असेल तर काहीतरी तोडलं पाहिजे. म्हणून चांगलं दिसलं की नाव घेऊन सांगा. नुसतं 'शाब्बास, हुशार आहेस' नको. 'बहिणीला न सांगता पाणी दिलंस, बरं वाटलं' असं सांगा. म्हणजे नेमकं काय चांगलं केलं ते त्याला समजतं.

घरात नियम थोडे ठेवा, चार-पाच पुरेत. पण ते आई, बाबा, आजी, आजोबा सगळ्यांचे सारखे हवेत. आई नाही म्हणाली आणि आजीने मागच्या दाराने मोबाइल दिला, की नियम संपला. आजीमंडळींनो, राग मानू नका, मीही आता आजी होणाऱ्या वयातली आहे.

मारायचं नाही, हे मी मारून शिकले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. कायदा शाळेसाठी आहे, पण घराला वेगळा न्याय कशाला? मार खाल्लेलं मूल धडा शिकत नाही. पुढच्या वेळी सापडायचं कसं नाही, ते शिकतं. आपल्याला राग आला तर खुशाल बाल्कनीत जा, पाणी प्या, कुंडीला पाणी घाला. दहा मिनिटांनी बोललेलं मुलाला ऐकू जातं.

आणि मोबाइल. मुलांचा मोबाइल सुटत नाही अशी तक्रार करणाऱ्या एका बैठकीत मी मोजलं होतं, तक्रार करणाऱ्यांपैकी सहाजण मोबाइलमध्ये बघत होते. (हशा) जेवताना कुणाच्याच हातात मोबाइल नको, आणि रात्री घरातले सगळे मोबाइल हॉलमध्ये एकाच ठिकाणी चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचाही.

तिसरी गोष्ट मनाची. त्याची सुरुवात झोपेपासून होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि त्यापुढच्या मुलांना आठ ते दहा. आपल्याकडे पाचवीतली मुलं बाबा ऑफिसातून येईपर्यंत साडेअकराला जागी आणि सकाळी सहाला बसच्या रांगेत. मग ती चिडचिड करणार नाहीत तर काय?

मूल आतून त्रासात असेल तर ते तसं सांगत नाही. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं. जेवण कमी होतं. आवडता मित्र अचानक नकोसा होतो. आंघोळ, केस, कपडे याकडे दुर्लक्ष होतं. अशा वेळी 'नाटकं करू नकोस' हे शब्द गिळून टाका आणि शेजारी बसा. समोर बसून चौकशी केली की मुलं तोंड उघडत नाहीत. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसल्यावर बोलतात. ऐकताना मध्ये उपाय सांगू नका. आणि मूल जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416. संकटातल्या मुलांसाठी 1098 आहे. दोन्ही नंबर उद्यापासून आपल्या नोटीस बोर्डावर लागतील, सेक्रेटरींनी कबूल केलं आहे.

वाचन-लेखनातल्या अडचणीबद्दल पुन्हा एकदा सांगते. तोंडी येतं पण लिहिता येत नाही, अक्षरं उलटसुलट होतात, हिशोबातले अंक जागा बदलतात, असं दुसरी-तिसरीनंतरही चालू राहिलं, तर वर्गशिक्षकांना भेटा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने पुढची तपासणी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. लोक काय म्हणतील म्हणून ते लपवू नका. माझ्या मुलाला नववीत कळलं. तिसरीत कळलं असतं तर सहा वर्षांचे धपाटे वाचले असते. ती सहा वर्षं मला परत देता येत नाहीत.

तो दहावी पास झाला, जादा वेळ घेऊन. मग आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला. आज स्वतःचं काम करतो, हाताखाली दोन मुलं आहेत. अजूनही मेसेज टाइप करत नाही, आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचे बोर्ड त्यानेच बसवलेत, आणि दिवे लागतात. (टाळ्या)

आता शेवटी, सोसायटीकडे दोन मागण्या. पंचवीस वर्षांत आपण एकमेकांची मुलं मोठी होताना पाहिली, तेव्हा हक्काने मागते.

पहिली मागणी अशी की निकालाच्या दिवशी लिफ्टमध्ये कुणीही कुणाच्या मुलाला टक्के विचारू नयेत. 'सुट्टीत काय करणार?' एवढंच विचारा. दहावीच्या निकालाला माझा मुलगा दोन दिवस जिन्याने चढ-उतर करत होता, पाचव्या मजल्यापर्यंत. व्यायामासाठी नव्हे.

दुसरी मागणी म्हणजे गेटजवळची 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी. ती काच फुटल्यावर लागली, आणि त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता. येत्या सर्वसाधारण सभेत मी नवा ठराव मांडणार आहे, की रोज संध्याकाळी पाच ते सात मागच्या बाजूला गाड्या लावू नयेत, ती जागा मुलांची. चेंडू मऊ वापरावा. तरीही काच फुटली, तर मुलांनी आपणहून त्या घरी जाऊन सांगावं आणि खर्च सगळ्या घरांनी मिळून द्यावा. काचेला जेवढे पैसे लागतील, तेवढ्यात मुलं खरं बोलायला शिकतील.

अनुमोदनाला एक हात लागेल. आज घरी जाऊन विचार करा.

माईक बंद करायला आमचे वायरमन येताहेत, आणि चहा तयार आहे.