दृष्टी गेली तरी हक्क जाऊ नये

(जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल, की अंध व्यक्तींना मिळणाऱ्या शासकीय सवलती आणि आयकरातील सूट हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे. तो तहसील कचेरीच्या फलकावर लावण्याचा विषय आहे. फलक तर लावलेलेच असतात. अडचण एवढीच, की ज्याच्यासाठी ते लावले जातात त्यालाच ते वाचता येत नाहीत. म्हणून ज्यांना वाचता येते त्यांच्याशी बोलण्यासाठी मी आलो आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोषाची नोंद झालेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. हे सारे जन्मांध नव्हेत. काचबिंदूने, मधुमेहामुळे नेत्रपटलावर होणाऱ्या परिणामाने किंवा अपघाताने ऐन कर्त्या वयात दृष्टी गमावलेली माणसे यांत आहेत. अंधशाळेत गेलेले मूल निदान शिक्षकांच्या आणि संस्थेच्या नजरेत तरी असते. पन्नाशीत दृष्टी गमावलेला शेतकरी, शिलाईयंत्रावर बसणारी गृहिणी, कचेरीतला लिपिक यांची मात्र कोणत्याच पटावर नोंद नसते. तो माणूस घराच्या ओसरीवर बसून राहतो, आणि हळूहळू घरातल्या निर्णयांतूनही वजा होतो.

उपकार नव्हे, अधिकार

आपल्या परंपरेत अंध व्यक्तीला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले गेले. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरीही अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथांची रचना केली. त्यांच्या प्रज्ञेला आपण वंदन करतोच. परंतु त्यांनी सांगितलेला शब्द कागदावर उतरवणारे हातही तेथे होते, हे आपण सहसा विसरतो. प्रज्ञा त्यांची होती, हात समाजाचे होते. समाजाने आपले काम केले नसते, तर ते ज्ञान त्यांच्यापुरतेच राहिले असते.

हे सामाजिक कर्तव्य आज कायद्यानेही मान्य केले आहे. १९९५ च्या कायद्यानंतर ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. त्याच्या नावातला ‘हक्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शासकीय नोकरीतील राखीव जागा ३ वरून ४ टक्के झाल्या. त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. केवळ अंधत्वाच्या कारणावरून कोणालाही न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी दिला. न्यायासनावर बसण्याइतकी पात्रता ज्याची असू शकते, त्याला आपल्या गावात कोणी ‘बिचारा’ म्हणून बाजूला बसवत असेल, तर दोष दृष्टीचा नसून दृष्टिकोनाचा आहे.

सर्व वाटांचा एक दरवाजा

सवलती अनेक आहेत, पण दरवाजा एकच आहे : दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. १ जून २०२१ पासून ही प्रमाणपत्रे संगणकीय पद्धतीनेच दिली जातात. अर्ज संकेतस्थळावर भरायचा आणि तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात जायचे, अशी रीत आहे.

कायद्यातील व्याख्या सोप्या शब्दांत सांगतो. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर, चष्मा लावूनही आणि दोहोंपैकी चांगल्या डोळ्याने, ३ मीटरवरूनसुद्धा दिसत नसेल, तर ते अंधत्व. दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी उरले असेल, तर तेही अंधत्वच. काचबिंदूच्या रुग्णांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. समोरचे अक्षर वाचता येते, पण बाजूचा माणूस दिसत नाही, अशी त्यांची अवस्था असते आणि लोक त्यांना ढोंगी समजतात. दृष्टी ६/१८ ते ३/६० या टप्प्यात असेल, तर तिला अल्पदृष्टी म्हणतात. म्हणजे प्रमाणपत्रासाठी पूर्ण काळोखच हवा, असे नाही.

बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा निरोगी असेल, तर प्रमाण ३० टक्के धरले जाते. अशा बांधवाला खोटी आशा दाखवू नये. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होऊ शकते. शासकीय कार्यक्रमातून ती विनामूल्य होते. तेथे आधी शस्त्रक्रिया, मग गरज उरल्यास प्रमाणपत्र, हाच क्रम योग्य. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार कार्डाचे रंग ठरले आहेत : ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळे आणि ८० व त्याहून अधिक असल्यास निळे. निर्णय मान्य नसेल, तर ९० दिवसांत अपील करता येते. उलटपक्षी, खोटेपणाने लाभ घेणाऱ्यास अधिनियमाच्या कलम ९१ अन्वये २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खोटे प्रमाणपत्र काढून देणे ही मदत नाही. खऱ्या गरजूच्या ताटातला तो घास आहे.

आता व्यवहार पाहा. जळकोटहून धाराशिवच्या रुग्णालयात जायचे, तर अंध माणूस एकटा जाऊ शकत नाही. सोबत येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. आधारकार्डावरचे नाव आणि अर्जातले नाव जुळले नाही, की दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला घरचे लोक म्हणतात, ‘जाऊ द्या, नशिबात नाही.’ नशीब कशाला, येथे सोबत नाही! हक्क नाकारला जातो तो बहुधा कायद्यात नव्हे, अशा फेऱ्यांत.

दरवाजा उघडल्यावर

कार्ड हाती आले की काय मिळते? निराधार व्यक्तींसाठी राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तीत दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य १५०० रुपये होते. सप्टेंबर २०२५ मधील निर्णयाने ते ऑक्टोबरपासून २५०० रुपये झाले. वयाची पासष्टी ओलांडल्यावर श्रावणबाळ योजना आहे. उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो एक कागद राहिला, की चालू अनुदान बंद पडते. असा दाखला वेळेवर पोहोचवणे, हे एखाद्या महाविद्यालयीन मुलाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यास भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. प्रमाण ६५ टक्के व त्याहून अधिक असेल, तर सोबत्यालाही ५० टक्के. रेल्वेत पूर्ण अंध प्रवाशाला आणि त्याच्या एका सोबत्याला शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत ७५ टक्के सवलत आहे. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, त्यामुळे हीही थांबली, असा समज पसरला आहे; तो चुकीचा आहे. त्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे लागते.

गावाशी सर्वांत निकटचा हक्क ग्रामपंचायतीकडे आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च केली पाहिजे, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते, २०१८ मध्ये ते वाढले. ही रक्कम गेल्या वर्षी किती होती आणि ती कशावर खर्च झाली, हा प्रश्न ग्रामसभेत विनयाने, पण स्पष्टपणे विचारला गेला पाहिजे. प्रश्न विचारण्यात संघर्ष नाही, जागरूकता आहे.

नोकरदार कुटुंबांसाठी

येथे शिक्षक, बँक कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक बसलेले आहेत. त्यांच्यासाठी आयकराचा भाग थोडा सविस्तर सांगतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ‘८० यू’नुसार, करदाता स्वतः ४० टक्के व अधिक दिव्यांग असेल, तर त्याच्या करपात्र उत्पन्नातून ७५ हजार रुपये वजा होतात, प्रमाण ८० टक्के व अधिक असेल, तर १ लाख २५ हजार. करदाता डोळस असून त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी, पती, आई-वडील, अपत्य किंवा भावंड अंध असेल आणि तो त्यांच्या उपचार-संगोपनाचा खर्च करत असेल, तर ‘८० डीडी’ कलमाखाली तेवढीच वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला, यावर रक्कम अवलंबून नाही. मात्र एकाच व्यक्तीसाठी दोन्ही वजावटी घेता येत नाहीत. २० टक्के दराच्या टप्प्यातील करदात्याचा, उपकर धरून, ७५ हजारांवर १५ हजार ६०० आणि सव्वा लाखावर २६ हजार रुपये कर वाचतो.

येथे एक खाचखळगा आहे. या वजावटी जुन्या करप्रणालीतच मिळतात. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, काहीही न निवडल्यास नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल, तर विवरणपत्र मुदतीच्या आतच भरावे लागते. अर्थात २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर करच लागत नाही, म्हणून दोन्ही हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. अंध कर्मचाऱ्याला घर ते कार्यालय या प्रवासासाठी मिळणारा भत्ता मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलबजावणीची तारीख आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून सल्लागाराला क्रमांक न सांगता ‘दिव्यांगत्वाची वजावट’ असे विचारावे. राज्याच्या व्यवसायकरातूनही कायमस्वरूपी अंधत्व असणाऱ्यांना सूट आहे. वर्षाला २५०० रुपये ही लहान रक्कम नव्हे.

हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्येही अंध करदात्याला स्वतंत्र करमाफी आहे आणि तिचा न वापरलेला भाग पती किंवा पत्नीकडे वळवता येतो. त्यामागील तत्त्व असे, की दृष्टी गेलेल्या माणसाला तेच आयुष्य जगण्यासाठी अधिक खर्च येतो. समान उत्पन्नावर समान कर हा त्याच्या बाबतीत न्याय ठरत नाही.

पैसा कोणाचा?

मित्रहो, यापुढचा मुद्दा थोडा कटू आहे. अनुदान अंध व्यक्तीच्या खात्यात जमा होते, पण एटीएम कार्ड पुतण्याच्या खिशात असते. किती आले आणि किती काढले, हे त्या माउलीला ठाऊकही नसते. असे घडत असेल, तर शासनाने हक्क दिला आणि घराने तो काढून घेतला, असेच म्हणावे लागेल. दृष्टिहीन ग्राहकाला धनादेशपुस्तिका, एटीएम, लॉकर या सुविधा नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवले आहे. मोबाइलवर ओळख पटवताना डोळे मिचकावण्यास सांगणाऱ्या यंत्रणांमुळे होणारी अडचण सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात ध्यानात घेतली आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. न्यायालय एवढा विचार करते; मग कुटुंबाने निदान दर महिन्याला खात्यातील शिल्लक मोठ्याने वाचून दाखवायला काय हरकत आहे?

आपले काम

कार्यकर्त्यांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. प्रत्येकाने आपल्या गल्लीतील अशा व्यक्तींची नोंद करावी. जन्मांधांबरोबर अलीकडे दृष्टी अधू झालेल्यांनाही त्यात घ्यावे. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांचा अर्ज भरून द्यावा आणि रुग्णालयात सोबत जावे. अर्जातला प्रत्येक रकाना त्यांना वाचून दाखवावा. सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी तो कशासाठी आहे, हे सांगावे. जानेवारीत हयातीच्या दाखल्यांची आणि जुलैत विवरणपत्रांची आठवण द्यावी. त्यानंतर छायाचित्र काढून वर्तमानपत्राकडे पाठवू नये. मी पत्रकार असूनही हे सांगतो. ज्याला त्याचा हक्क मिळाला, त्याला आपण काही दिले नाही. जे त्याचेच होते ते त्याच्यापर्यंत पोहोचवले, एवढेच.

आणि सोबत जाताना एक पथ्य पाळावे. टेबलामागचा कर्मचारी सवयीने आपल्याकडे पाहून विचारील, ‘यांचे नाव काय?’ त्या वेळी आपण उत्तर देऊ नये. उत्तर त्यांना देऊ द्यावे. आवाज त्यांचा आहे, नाव त्यांचे आहे आणि हक्कही त्यांचाच आहे.