मावशीच्या घरातली वाट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला 'निवृत्तीनंतरचे दिवस' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. माझे त्यातले बरेच दिवस धुळ्याला मावशीच्या घरी जातात, म्हणून तेच सांगतो.

मावशी एकटी राहते. काका गेल्यापासून वर्तमानपत्रांचे गठ्ठे, तेलाचे रिकामे डबे, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, बंद पडलेले मिक्सर असं सगळं वाढत वाढत पलंगावर आलं. ती खुर्चीत झोपायची. काही उचललं की म्हणायची, "ऱ्हाऊ दे भो, कधी तरी कामात पडीन."

धुळ्यात साठवण्याचा विषय निघाला की कोणीतरी इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव घेतोच. पण राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं मिळवायचे, वाचायचे, छापायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड त्यातून निघाले. 1926 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचे कागद अभ्यासकांच्या हाती लागले. मावशीला स्वतःच्या शेगडीपर्यंत पोचता येत नव्हतं.

याला होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. वस्तू किमती आहे की फुकटची, हा प्रश्नच नसतो. ती टाकायची म्हटलं की जीव कासावीस होतो.

एकदा मावशी लग्नासाठी जळगावला आलेली असताना तिच्या मुलाने पुण्याहून येऊन दोन ट्रॅक्टर भंगार काढलं. त्याची भीती खरी होती. आपल्याकडचा मे महिना, कागदाचे ढीग आणि शेजारी गॅस! पण मावशीचं आठवडाभर जेवणावरून मन उडालं. पाच महिन्यांत घर पुन्हा तितकंच भरलं, आणि मुलाला मात्र ती दार उघडेना.

मी दर गुरुवारी एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने जातो. सुरुवातीला दोनच गोष्टी ठरवल्या: शेगडीच्या आसपास कागद नको आणि खुर्चीपासून दारापर्यंत वाट मोकळी हवी. बाकी ढिगाला हात नाही. "टाकू का?" असं विचारत नाही, "हे कुठे ठेवायचं?" असं विचारतो. काय जायचं ते तीच ठरवते. एका गुरुवारी दोन तास बसून एकच कागद ठरला: विजेचं जुनं बिल, मागे काकांच्या हातची किराणा यादी. तो राहिला. राग येतो हो, येतोच. परतताना पारोळ्यापर्यंत टिकतो.

डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती. झोप लागत नाही, अशी तक्रार तिनेच केली तेव्हा त्या निमित्ताने मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. वस्तू हातात घेऊन निर्णय घ्यायचा सराव ते हळूहळू करून घेतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 वर. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही करावा.

चौदा महिने झाले. मावशी आता पलंगावर झोपते. मधली खोली अजून बंदच आहे. मागच्या गुरुवारी तिने मला मुलाला फोन लावायला सांगितला. "ये," म्हणाली, "पण कशाला हात लावायचा नाही." तो दिवाळीला येणार आहे.