शिल्प हेही मंगल आहे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची रीत आहे. आम्ही मात्र आज आपल्या घरातलाच विषय घेणार आहोत. मागच्या पौर्णिमेला विहारात पालकांची बैठक झाली. आठवी-नववीच्या लेकरांना दर रविवारी दोन तास वायरिंग, मोटारदुरुस्ती, वेल्डिंग, शिलाई अशी हाताची कामं शिकवावीत, असा विचार समितीने मांडला. तेव्हा एक माय उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या मालकाचं आयुष्य हमालीत गेलं. पोरगं साहेब व्हावं म्हणून मी ऊस तोडते. अन् तुम्ही त्याच्या हातात पुन्हा हातोडीच देता का?"

सगळे गप्प झाले. आम्हालाही त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट, त्या माउलीची भीती खोटी नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात लेकरांनी बापाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरायचा आणि चांभाराच्या पोराने आरी! पेरियार आणि त्यांच्या चळवळीने रान उठवलं आणि १९५४ साली ती योजना मागे घ्यावी लागली. असलं शिक्षण कोणी आपल्या दारात आणलं, तर आम्हीही त्या माउलीच्या पाठीशी उभे राहू.

पण बंधूंनो, दुसरी बाजूही पाहा. गावगाड्यात आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आलं तरी काय? सांगावा पोचवणं, ओझी वाहणं, मेलेली ढोरं ओढणं. सुताराचा रंधा किंवा लोहाराचा भाता आपल्या हाती कधी आलाच नाही. आपल्याला कष्ट दिले, कसब दिलं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतही तेच झालं. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धाग्याला तोंड लावावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना त्या खात्याची दारं बंद! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी सरकारला निवेदन दिलं. त्यात आपल्या मुलांच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी मदत मागितली, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत त्यांना उमेदवार म्हणून घ्यावं, अशीही मागणी केली. म्हणजे बाबासाहेबांना दोन्ही हवं होतं, कॉलेजही आणि कारखानाही.

आणि आपला धम्म काय सांगतो? महामंगलसुत्त आपण दर मंगल प्रसंगी म्हणतो. त्यात भगवान बुद्धांनी बहुश्रुत असण्याच्या जोडीला शिल्प, म्हणजे हाताची कला, हेही उत्तम मंगल मानलं आहे. सिगालोवाद सुत्तात आईबापाची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. लेकराला शिल्प शिकवणं हे त्यातलं एक. मात्र ते जातीचंच असावं, असं तथागतांनी कुठेही म्हटलेलं नाही.

मग हे शिकवायचं कसं? त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे गाव बघावं. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस अमेरिकेत डॉक्टरेट केलेला आणि मुंबईत मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलेला. ते सगळं सोडून दुष्काळी भागातल्या खेड्यात येऊन राहिले. त्यांनी शाळेच्या आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बसवला. आठवड्यातला एक दिवस हाताने शिकायचं. त्याचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. लेकरं वेल्डिंग करतात, भिंत बांधतात, वायरिंग करतात, रोपं लावतात, रक्तगट तपासतात. यातलं मर्म असं, की चारही भाग सगळ्यांनी शिकायचे. मुलगी आहे म्हणून फक्त शिलाई नाही आणि मुलगा आहे म्हणून स्वयंपाकघरातून सुट्टी नाही. जिथे प्रत्येक जण प्रत्येक काम शिकतो, तिथे कामाला जात चिकटत नाही. शिवाय काम नुसतं खोटं-खोटं करायचं नाही, गावाच्या उपयोगाचं करायचं. शाळेचं फाटक दुरुस्त केलं, तर ते खरंच लागलं पाहिजे! मापं चुकली की गणित आपोआप आठवतं.

डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण हे काम थांबलं नाही. राज्याच्या दहावीच्या परीक्षेत या विषयाला जागा मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायची, असं म्हटलं आहे.

आपले तिबेटी धम्मबांधव १९५९ नंतर देश सोडून आले. १९६० साली त्यांनी धरमशाळेत लेकरांसाठी आसरा उभा केला आणि त्यातूनच पुढे तिबेटी बालग्रामच्या शाळा निघाल्या. त्यांनीही शाळेच्या जोडीला व्यवसाय-प्रशिक्षणाची सोय केली. आपल्या महाराष्ट्रात आज गोंदिया जिल्ह्यात असलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ सालची. घरदार गमावलेल्या लोकांनी लेकरांच्या हातात पुस्तक दिलं आणि कसबही दिलं. ही शिकवण आपण घ्यायला काय हरकत आहे?

आता आपल्या हिंगोलीचं बोलू. आपला भाग हळदीचा. हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ड्रम, विहिरीवरच्या मोटारी, सोलर पंप, हे सगळं बिघडतं आणि दुरुस्तीला माणूस लागतो. तो माणूस आपल्या वस्तीतला का नसावा? आमच्या डोळ्यांसमोर बी.ए. झालेली पोरं आहेत, जी जाहिरातीची वाट पाहत चार-चार वर्षं बसली. आणि अर्धवट माहितीवर मांडवाची लायटिंग करायला गेलेला, शॉक बसून थोडक्यात वाचलेला पोरगाही आम्ही पाहिला आहे. न शिकता केलेलं काम जिवावर बेततं.

म्हणून त्या माउलीला आम्ही चार गोष्टींचा शब्द देतो. हा वर्ग रविवारीच भरेल, शाळेचा एक तासही बुडणार नाही. मुलगा-मुलगी सगळी कामं शिकतील. मेन स्विच बंद करून टेस्टर लावल्याशिवाय कोणी वायरला हात लावणार नाही. आणि जे लेकरू पुढे शिकू इच्छितं, त्याला आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंगचा रस्ता दाखवणं ही समितीची जबाबदारी राहील. शिकवायला वस्तीतलेच वायरमन दादा आणि शिलाई करणाऱ्या ताई तयार आहेत.

माउली, तुमचं पोरगं साहेब व्हावं, ही आमचीही इच्छा आहे. पण त्या साहेबाला मोटार उघडून बघता यावी, आणि साहेब झाला नाही तरी त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये. आम्ही देतो ती हातोडी तुमच्या मालकाच्या पाठीवरचं ओझं नव्हे. ते ओझं उतरवण्याचं ते साधन आहे.

येत्या रविवारी सकाळी लेकराला घेऊन विहारात या, आणि स्वतःही बसून बघा.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!