आमचा फोटो कोणी काढायचा?

राळेगावच्या बचत गटांतल्या आम्ही बाया बोलतोय.

गटाच्या कार्यक्रमाचा कुठलाही फोटो आठवा. मधोमध पाहुणे, गळ्यात हार. आम्ही मागच्या रांगेत, अर्ध्याच दिसतो. कापूस वेचतानाचा आमचा फोटो तर कोणी काढतच नाही.

म्हणून आज सुधारक ओलवे यांच्याविषयी. माणूस आपल्याच वऱ्हाडातला, अकोल्याचा. मुंबईत वर्तमानपत्रांसाठी फोटो काढता काढता ते महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळले. गटारात उतरलेली माणसं, हातांनी उचललेला कचरा, कामगारांची घरं, सगळं त्यांनी टिपलं. आणि एकदाच नाही, वर्षानुवर्षं ते तिथे जात राहिले. फोटो काढून गेले ते पुन्हा न फिरकणारे आपण कमी पाहिलेत का! २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते शिकवतातही, फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टतर्फे वंचित घरांतल्या मुलामुलींच्या हाती त्यांनी कॅमेरा दिला.

हे वाचून आम्ही वेचणीला मोबाईल नेला. एका काकूंचा फोटो काढला, तर त्यांनी पदर ओढून तोंड फिरवलं. "आधी विचारावं ना, बाई!" खरंच होतं त्यांचं. तो फोटो आम्ही त्यांच्यासमोरच पुसला.

संध्याकाळी वजनकाट्यापाशी काकूंनीच मोबाईल मागितला. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या आम्हा साऱ्यांचा फोटो त्यांनी काढला. पहिला हलला. दुसऱ्यात मात्र सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आलेत.